पेन्सिलीतली काळी तीन

नाव: लेनवर्थ ऑगस्टस पिनॉक. वय: चौपन्न. राहणार: ईस्टन, ब्रिस्टल. उंची: पाच फूट अकरा इंच, टोपीसह सहा फूट. व्यवसाय: सार्वजनिक इमारतींतील आगीच्या घंटांची तपासणी, अनुभव तेवीस वर्षे. वैवाहिक स्थिती: विवाहित. छंद: ‘तबकड्या’. डावा कान: वरचे स्वर ऐकू येत नाहीत. उजवा कान: ऐकू येतात, परंतु आहेत त्यापेक्षा चढे. निष्कर्ष: सदर इसमास स्वराची उंची खात्रीलायकरीत्या ओळखता येत नाही, सबब ऐकण्यावर अवलंबून असलेले कोणतेही काम त्याच्यावर सोपवू नये.

हा कागद कंपनीच्या डॉक्टरांनी नोव्हेंबरात काढला. त्यातलं एकही वाक्य खोटं नाही, ही लेनवर्थची मोठी अडचण होती. कंपनीने त्याला घंटांवरून काढून टेलिफोनवर बसवलं. त्याचं म्हणणं असं, की घंटा वाजवणाऱ्याला ती ऐकू आलीच पाहिजे असं कुठे आहे? आगीत सापडलेल्यांना आली म्हणजे झालं. हे म्हणणं मांडायला कागदाच्या मागे चार ओळींची जागा होती. ती त्याने कोरी सोडली.

‘छंद: तबकड्या’ हे मात्र लिहिणाऱ्याने फारच उरकलं. साडेतीन हजार तबकड्या, जिन्याखाली, पलंगाखाली आणि न्हाणीघराच्या दाराशी अशा, की अंघोळीला जाणाऱ्याने तिरकं व्हावं. सगळ्या ड्रम अँड बेसच्या. वर मिनिटाला एकशे साठच्या पुढे ठोक्यांची धावपळ आणि खाली आपल्याच तंद्रीत चालणारा खर्ज. या संगीतात गाणं संपत नाही, ते पुढच्या गाण्याच्या अंगात शिरतं. शिरवणाऱ्याला दोन गोष्टी जुळवाव्या लागतात, लय आणि पट्टी. लय चुकली तर जिन्यावरून बूट गडगडल्यासारखं होतं आणि ते कोणालाही कळतं. पट्टी चुकली तर काय चुकलं ते कोणालाच सांगता येत नाही, पण माणसं नाचता नाचता कोटाचे खिसे चाचपू लागतात.

म्हणून लेनवर्थ प्रत्येक वेष्टनाच्या उजव्या कोपऱ्यात दोन गोष्टी लिहितो: मिनिटाला ठोके किती, आणि पट्टी कोणती. तो इंग्रजी अक्षर लिहितो. मी इथे आपल्या पेटीवाल्यांची भाषा वापरतो, म्हणजे काळी तीन म्हटलं की वाचणाऱ्याचं बोट आपोआप जागेवर जाईल. दोन गाणी एकाच पट्टीत असली तर ती भावंडांसारखी मांडीला मांडी लावून बसतात. पेटीवर अगदी लगतच्या घरात असली, तर शेजाऱ्यांसारखी वागतात, म्हणजे भांडतात.

सहा वर्षांपूर्वी त्याचे कान फिरले. एकच स्वर डावीकडून एक आणि उजवीकडून दुसरा यायला लागला. तेव्हापासून पट्टीचं खातं बायकोकडे गेलं. मार्व्हा स्वयंपाकघरात इस्त्री करायची, तो पुढच्या खोलीत जोड लावायचा, आणि भिंतीपलीकडून निकाल यायचा.

“लागतंय.”

किंवा, “नाही लागत. शेजारचं मांजर उठून गेलं.”

मार्व्हा शाळेत मुलांना जेवण वाढायची. तिच्या आई, मिस आयव्हलीन फिअरन, चर्चमध्ये एकेचाळीस वर्षं ऑर्गन वाजवत होत्या. चुकीचा स्वर कानावर पडला की मिस आयव्हलीन यांची डावी भुवई वर जायची. त्या भुवईला घाबरून निदान तीन गायक दुसऱ्या चर्चमध्ये गेले. जावयाच्या संगीताबद्दल त्यांचं मत एका वाक्याचं होतं आणि ते त्यांनी लग्नाच्या दिवशीच सांगून टाकलं होतं: “हे संगीत असेल तर माझं शिवणयंत्रही गातं.”

अशा आईच्या मुलीने १९९६ च्या जूनमध्ये, आपला भाऊ डाल्टन याच्या खोलीत, गादी उभी करून केलेल्या आडोशात तीन कडवी गायली. खाली डाल्टनने रचलेला ठेका. त्याची एकच प्लेट कापून घेतली. ही प्लेट म्हणजे ॲल्युमिनियमच्या चकतीवर मऊ लाखेचा थर. नवं गाणं छापून बाजारात जाण्याआधी लोकांपुढे वाजवून बघायला असते तशी. दर वेळी सुई तिच्यातलं थोडं खरवडून नेते, त्यामुळे ती जितकी ऐकावी तितकी संपते. हे गाणं बाजारात गेलंच नाही. मूळ टेप डाल्टनच्या तळघरात होती, आणि एका हिवाळ्यात तळघर पाण्याखाली गेलं. उरली ती प्लेट. तिच्या वेष्टनावर लेनवर्थच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं: १६५, काळी तीन.

जानेवारीत मार्व्हा इस्पितळात होती, आणि आता घरी यायची नाही हे दोघांनाही सांगून झालं होतं.

“प्लेट वाजव माझ्या दिवशी,” ती म्हणाली. “पण एकटीला वाजवू नकोस, लेन. मी आयुष्यात कुठल्या खोलीत एकटी शिरले नाही. कुठल्यातरी गाण्याच्या हाताला धरून आत आण.”

“कुठल्या गाण्याच्या?”

“ते तू बघ. सगळं मीच सांगायचं का? आणि बेसूर केलंस, तर उठून बसेन.”

“मग बेसूरच करतो.”

ती हसली, आणि हसल्यामुळे बराच वेळ खोकत राहिली. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ती गेली.

लेनवर्थने प्लेट बेडमिन्स्टरच्या एका जुन्या कारागिराला दाखवली. त्याने भिंगातून पाहिलं, कडेला सुटलेली लाख दाखवली आणि म्हणाला, “एकदा. दुसऱ्यांदा सुई ठेवलीत, तर गाणं सुईबरोबर बाहेर येईल.”

मुलगी केझाया हुशार आहे, विम्याच्या कचेरीत काम करते. तिने सरळ उपाय सांगितला. “डॅड, घरी वाजव, मी उतरवून घेते. मग ती नक्कल हवी तेवढी वाजव, हवी तशी जोड.”

“म्हणजे ती एकदाच वाजणार, आणि तेव्हा खोलीत एकटी.”

“आपण दोघं असू ना!”

“गाणं म्हणतोय मी. तिला दुसरं गाणं हवं होतं.”

हा मुद्दा तर्काचा नव्हता, त्यामुळे तर्काने खोडता आला नाही. ठरलं असं, की हॉलमध्ये सगळ्यांपुढे एकदाच वाजवायची आणि त्याच वेळी केझायाने वायर लावून उतरवून घ्यायची.

“पण मग जे होईल तेच राहील,” ती म्हणाली. “तू चुकलास, तर मम्मीचं एकुलतं एक गाणं कायमचं चुकलेलं राहील.”

“माहिती आहे.”

“आणि सराव?”

“सराव केला तर कार्यक्रमच झाला.”

तेव्हा कागदावर सगळं ठरवणं आलं. तबकडी जोरात फिरवली की लय वाढते आणि लयीबरोबर स्वरही चढतो. त्याच्या जुन्या डेकवर हे दोन बैल एकाच जुवाला आहेत. वेग शंभराला सहाने वाढला की स्वर पेटीवर एक घर वर सरकतो. प्लेट १६५ ची. हॉलमध्ये तिला १७५ वर न्यायची, म्हणजे सहा टक्के वर, म्हणजे काळी तीनची होणार पांढरी पाच. मग तिला आत आणायला १७५ च्या लयीचं, पांढरी पाचचं गाणं हवं. त्याने तीन आठवडे खपून एक निवडलं. लांबलचक व्हायोलिनं, शब्द नाहीत, मिस आयव्हलीन यांनाही झेपेल असं. तबकड्यांच्या पेटीत बाकी चाळीस बरोबर घेतल्या, कारण पेटी अर्धी रिकामी घेऊन जाणं त्याला लाजिरवाणं वाटतं.

तिकडे दफनाची तारीख महिन्याभराने मिळते. मार्चातल्या शनिवारी अकराला चर्च, एकला ग्रीनबँकची दफनभूमी. लेनवर्थच्या लोकांत खड्डा दफनभूमीचे नोकर भरत नाहीत, घरचे पुरुष भरतात. काळे कोट कुंपणावर टाकले, फावडी हातोहात फिरली, बायकांनी कडेला उभं राहून एकामागून एक भजनं म्हटली. लेनवर्थने फावडं कोणाला दिलं नाही. डाल्टनने दोनदा हात पुढे केला.

“दे इकडे. म्हातारा झालास.”

“तू तुझ्या बाजूचं बघ.”

चाकांच्या खुर्चीत, गुडघ्यांवर दोन ब्लँकेटं घेऊन मिस आयव्हलीन बसल्या होत्या. गाणाऱ्या बायका थंडीने सुराच्या खाली उतरत होत्या, आणि प्रत्येक उतरत्या स्वराला त्यांची भुवई वर जात होती. मुलीच्या खड्ड्याशीही ती थांबली नाही. तीन वाजता सगळे हॉलवर पोचले तेव्हा लेनवर्थच्या दोन्ही तळव्यांना फोड आले होते.

हॉलमध्ये बोकडाचं मटण, नारळाच्या दुधातला राजमा-भात, तळलेले मासे आणि आल्याचं सरबत होतं. लेनवर्थ हलकी, जुनी गाणी लावत होता. मिस आयव्हलीन यांची टॅक्सी साडेचारला येणार होती, कारण त्या राहतात त्या वृद्धाश्रमात पाचला औषधं देतात. म्हणून प्लेट सव्वाचारला वाजवायची ठरलं होतं. चारला दहा कमी असताना एक लांब गाणं लावून तो ताट घ्यायला स्वयंपाकघराच्या खिडकीशी आला. तिथे डाल्टन केझायाला, त्याने आणि लेनवर्थने तरुणपणी विनापरवाना चालवलेल्या चोरट्या रेडिओच्या गोष्टी सांगत होता. मार्व्हा गेल्याची बातमी कळल्यापासून तो त्याच सांगत होता. त्याला दुसरं काही सांगता येत नव्हतं.

“चौदाव्या मजल्यावर केंद्र आमचं. लिफ्ट बंद, तबकड्या डोक्यावर. आणि तुझा बाप! याचं सगळं रेंगाळत. लोक फोन करून विचारायचे, वीज गेली का तुमच्याकडे? तर एक दिवस तुझी आई आली, पर्समधून नखं चिकटवायचा गोंद काढला, डेकच्या वेगाची कळ नेली सहावर आणि चिकटवून टाकली. म्हणाली, आता रेंगाळून दाखव!”

केझाया त्या दिवसात पहिल्यांदा हसली. “मग?”

“मग काय, नाताळात केंद्रावर धाड पडली तोवर ती तशीच. प्रत्येक गाणं एक घर वर. ऐकणाऱ्यांना वाटायचं आम्ही फार खुशीत आहोत.”

लेनवर्थच्या हातातलं ताट तिरकं झालं आणि मटणाचा रस्सा त्याच्या बाहीत गेला.

“कधी?” त्याने विचारलं.

“काय कधी?”

“गोंद. गोंद कधी लावला तिने?”

“शहाण्णवच्या ईस्टरला. का रे?”

“आणि प्लेट जूनची.”

डाल्टनने बोटांवर महिने मोजले. मग त्याने टोपी काढली.

झालं होतं ते असं. त्या वर्षी लेनवर्थ ठोके घरी मोजायचा, मनगटी घड्याळ समोर ठेवून, कारण केंद्रावर शांतता नसायची. पट्टी केंद्रावर काढायचा, मेलोडिका, म्हणजे तोंडाने वाजवायची छोटी पेटी, फुंकून, कारण घरी मेलोडिका नव्हती. घरचा डेक खरा चालायचा, केंद्रावरचा सहा टक्के पुढे. म्हणजे त्या वर्षीच्या प्रत्येक वेष्टनावर लय एका डेकची आणि पट्टी दुसऱ्याची. बाकीच्या तबकड्या त्याने पुढे, आपणच ऐकण्यात चुकलो असं समजून, घरी तपासून शाईने दुरुस्त केल्या. प्लेट तेवढी राहिली. तपासायची तर वाजवावी लागली असती.

“तर काळी तीन ही सहावर चढवलेली काळी तीन,” केझाया सावकाश म्हणाली. “आजही तू ती सहावरच नेणार. म्हणजे ती काळी तीनच येणार. पांढरी पाच नाही.”

“एका घराने खाली.”

“मग व्हायोलिनं हळू कर ना.”

“हळू केली की लय सुटते. लय धरायला प्लेटही हळू करावी लागते, की तीही खाली. दोघांना कुठेही ढकल, भांडण तेवढंच राहतं.”

“माझा लॅपटॉप घरी आहे. त्यात पट्टी वेगळी हलवता—”

“टॅक्सी साडेचारला आहे.”

तो पेटीपाशी गेला आणि चाळीस वेष्टनांचे उजवे कोपरे बघत गेला. शाईने लिहिलेली १७५ आणि काळी तीन असलेली तबकडी एकच निघाली. ती बघून डाल्टन म्हणाला, “नाही. लेन, नाही. पाद्री बसलेत तिथे.”

ते कुत्र्याचं गाणं होतं. २००४ साली कोणीतरी केलेलं. घट्ट ठेका, खाली खर्ज, आणि दर दोन आवर्तनांनी एक मोठा कुत्रा भुंकतो, तोही पट्टीत बसवलेला. मार्व्हाला ते सहन व्हायचं नाही. तिने ती तबकडी दोनदा धर्मादाय दुकानात देऊन टाकली होती आणि लेनवर्थने दोनदा परत आणली होती. दुसऱ्यांदा गल्ल्यावरच्या बाईने विचारलं होतं, “तुमच्या घरी कोणी बोलत नाही का एकमेकांशी?”

“ती उठून बसेल,” डाल्टन म्हणाला.

“बेसूर झालं तर, म्हणाली होती. कुत्र्याबद्दल काही म्हणाली नव्हती.”

“डॅड, तुला खात्री आहे?” केझायाने विचारलं. “तुझ्या पेन्सिलीची? अंकल डाल्टनच्या गोंदाची? तीस वर्षं झाली.”

“खात्री नाही,” लेनवर्थ म्हणाला. “हिशेब आहे.”

सहा वर्षं ज्या कानाने त्याला लागतंय की नाही ते सांगितलं, तो कान दुपारी एक ते दोनच्या दरम्यान त्यानेच मातीखाली ठेवला होता.

सव्वाचारला डाल्टनने ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि सांगितलं की आता मार्व्हा येईल, बसून घ्या. माणसं बसली. केझायाने उतरवायचं यंत्र चालू केलं. आणि त्या शांततेत, पाद्रीबाबांच्या उजव्या बाजूच्या भोंग्यातून, एक मोठा कुत्रा भुंकला.

कोणी हसलं नाही. एका बाईने हातातला काटा ताटात ठेवला. दुसऱ्यांदा भुंकला तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी हलकेच म्हणालं, “देवा.” लेनवर्थने मान वर केली नाही. त्याने कळ सहावर नेली, प्लेट कडेला धरून ठेवली आणि सुई टेकवली. फोड आलेल्या हाताच्या मनगटाखाली त्याने दुसरा हात दिला होता. गाण्याआधी नुसत्या ठेक्याची बत्तीस आवर्तनं होती. ती फक्त त्याच्या हेडफोनात वाजत होती, आणि लय जुळवायला त्याच्याकडे तेवढाच वेळ होता. लयीला दोन कान लागत नाहीत. प्लेट किंचित मागे पडत होती. त्याने कडेला बोट लावून ढकलली, पुन्हा ढकलली, मग सोडली. ती कुत्र्याच्या पावलात पाऊल टाकून चालू लागली.

पट्टीचं मात्र त्याला काहीच कळणार नव्हतं. डाव्या कानात तो एक गाणं ऐकत होता आणि उजव्यात दुसरं, आणि तशी तर त्याला पाण्याची मोटारही दोन पट्ट्यांत ऐकू येते. त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवला, एका डेकवरून दुसऱ्या डेकवर आवाज नेणारी दांडी सावकाश मध्यावर आणली आणि मिस आयव्हलीन यांच्याकडे बघितलं.

त्या दुसऱ्या रांगेच्या कडेला होत्या. ब्लँकेटं तशीच गुडघ्यांवर. डोळे मिटलेले. कुत्रा भुंकला, आणि त्याच्या खालून प्लेटचा खर्ज वर आला. मग, खरवडलेल्या लाखेच्या चरचरीतून, सव्वीस वर्षांची मार्व्हा आत आली.

डावी भुवई जागेवर होती.

तो पुढच्या ओळीपर्यंत बघत राहिला. मग त्याने दांडी पूर्ण पलीकडे नेली. हॉलमध्ये मार्व्हा एकटीच गात होती, पण आता ती आत आली होती. पहिल्या कडव्याला डाल्टन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. दुसऱ्याला मिस आयव्हलीन यांची बोटं ब्लँकेटवर हलू लागली, एका सुरावरून दुसऱ्या सुरावर, ऑर्गनवर साथ धरल्यासारखी. तिसरं कडवं संपलं आणि सुई नुसतीच फुरफुरू लागली. लाख सुटली होती. त्या पट्टीतलं दुसरं गाणं त्याच्याकडे नव्हतं, म्हणून त्याने दांडी परत आणली. मार्व्हाला पोचवायलाही कुत्राच गेला.

टॅक्सी आली. लेनवर्थने खुर्ची ढकलत दारापर्यंत नेली. बाहेर ओलसर थंडी होती.

“लेनवर्थ,” मिस आयव्हलीन म्हणाल्या.

“बोला, मिस आयव्हलीन.”

“तो कुत्रा कोणाचा?”

“तबकडीतलाच होता.”

त्यांनी ब्लँकेट नीट केलं. “सुरात होता,” म्हणाल्या. टॅक्सीवाल्याने दार लावलं.

एप्रिलमध्ये कंपनीने फेरतपासणी केली. विवाहित खोडून विधुर लिहिलं, निष्कर्ष कायम ठेवला: सदर इसमास स्वराची उंची ओळखता येत नाही. केझायाने उतरवून घेतलेलं गाणं चार मिनिटं अकरा सेकंदांचं आहे. पहिली त्रेपन्न सेकंदं कुत्रा भुंकतो, मग मार्व्हा गाते. दोघांची पट्टी काळी तीन.